आडोसा

मुसब्बह म्हणाला, तू वाऱ्याचा माणूस, चल.
वाऱ्याचा म्हणजे एवढंच, की रुवैसच्या रिफायनरीत
टाक्यांचा गंज खड्यांच्या माऱ्यानं उडवणारी जी टोळी,
तिचा मी फोरमन. एकोणीस वर्षं.
सात बार दाब, हातभर अंतर, नळी हलती ठेवायची.
एका जागी धरली तर गंजासोबत लोखंडही जातं.

लिवाच्या पलीकडं, मोबाईलच्या रेघा संपतात
तिथं त्यानं दुर्बीण मांडली.
कॅमेरा बर्फासारखा गार, लॅपटॉपवर लाल कागद,
थर्मासमध्ये वेलची घातलेली गहवा.
व्याध मला ओळखीचा, मामा ट्रॉलरवर होता.
मुसब्बहचं बोट मात्र व्याधाच्या डावीकडं,
जिथं काहीच नाही.

त्या काहीच नाहीतून तो अकरा तास उजेड जमवतो,
तोही एका रात्रीत नाही. माडाला लावलेलं मडकं
सकाळी उतरवावं, पुन्हा लावावं, तसं.
मग पडद्यावर आला एक फुगा,
शेवाळी निळा, कडेला दोन शिंगं.
खूदा, म्हणाला तो, आणि माझ्या टाळूवर टिचकी मारली.
हेल्मेट.

मधोमध एक ठिपका. शेजारच्या ठिपक्यांहून
वेगळा असल्याचं त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी तो सांगत गेला:
हा लाखभर अंशांनी तापलेला,
त्याच्यापुढं सूर्य कोमट.
मी म्हणालो, निळा असणार.
तांबडं लोखंड कातडी जाळतं,
निळी ज्योत लोखंड कापते.
तो इतका खूश झाला की त्यानं मला स्वतःचा खजूर दिला.
ह्यानं वरचं सगळं फेकून दिलंय, म्हणाला,
आता आतलाच भाग उघडा पडलाय,
आणि त्यावरून वारा सुटतो
सेकंदाला दीड हजार किलोमीटर.

मी मनात हिशेब केला.
मालवण ते रुवैस, दीड सेकंद.
मला रजा दोन वर्षांनी मिळते.

आधी हळूहळू सोडलेलं बाहेर रेंगाळत असतं,
मागून सुटलेला वारा त्याला गाठतो, ढकलतो, फुगवतो.
म्हणजे स्वतःची कात स्वतःच हाकलायची?
कात त्याला कळेना.
मी हातमोजा ओढून उलटा करून दाखवला.
तो बराच वेळ मोज्याकडं बघत राहिला.

असे मोठे फार जगत नाहीत, तो म्हणाला.
छोटे सावकाश जळतात, त्यांना वेळ असतो.
मी गहवा ओतली.
स्टोअरमध्ये चौदा नंबरच्या खुंटीला
बाबली परबचं हेल्मेट आहे.
त्याच्यासारखा नळीवर हात कुणाचा नव्हता.
खोकला आला तरी मास्क खाली ओढून गाणं म्हणायचा.
नवीन पोरं तेरा घेतात, पंधरा घेतात.
स्टोअरकीपर काही म्हणत नाही, मीही नाही.

दोनच्या सुमारास शमाल उठला.
तिपाई थरथरली, पडद्यावरचे तारे
उदबत्तीच्या धुरासारखे लांबट झाले.
मुसब्बह शिव्या घालू लागला, आधी वाऱ्याला, मग तिपाईला.
गाडी आडवी लावली तर एंजिनाची धग.
चादर धरली, ती हातातून गेली.
तेव्हा मी उठून उभा राहिलो,
दुर्बिणीच्या वायव्येला, पाठ वाऱ्याकडं,
जाकीट दोन्ही हातांनी पसरून.
हे काम मला येतं.
ठिपके पुन्हा गोल झाले.
हलू नकोस, तो म्हणाला, पाच मिनिटं.
त्याची पाच मिनिटं चाळीस वेळा झाली.

मानेवर वाळू टोचत होती,
कानाशी सतत तीच बारीक सरसर.
समोर काळोखात तो काहीच दिसत नसलेला,
स्वतःला उधळत असलेला.
पंधरा हजार वर्षांपूर्वी निघालेलं
थोडंसं काही माझ्या आडोशाला
त्या काचेत उतरत होतं.

उजाडलं तेव्हा पाय लाकडासारखे.
बुटांच्या भोवती वाळूची एक कोर साचली होती,
वाऱ्याकडं जाड, दोन टोकं मागं निघालेली.
मुसब्बहनं तिचा फोटो काढला नाही.
मी पाऊल उचललं
तेव्हा ती जराशी ढासळली, बाकी राहिली.